बाईंची बोटं

खेळ सारखा बंद पडतो त्याला बाईंची बोटं कारणीभूत आहेत, असं मी मालकांना लेखी कळवलं होतं. तोंडी सांगितलं असतं तर पुढे "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायची सोय राहिली असती. पण मी नोकरीत नवा होतो आणि नव्या माणसाला कागदाचं फार प्रेम असतं. ‘वापरकर्तीच्या बोटांच्या दाबात दोष असल्याने प्रणाली वारंवार निकामी होत आहे,’ असं ते वाक्य होतं. खाली सही आणि सहीखाली हुद्दा : प्रमुख संगणक अभियंता. ऑफिसात अभियंता मी एकटाच, त्यामुळे प्रमुखपदासाठी फारशी चुरस झाली नव्हती.

मालक स्वभावाने भिडस्त. बाईंशी या विषयावर बोलायचा त्यांना धीर होईना. म्हणून त्यांनी ते पत्रच बाईंच्या हातात दिलं आणि स्वतः बँकेत निघून गेले. बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं. पर्समधून लाल पेन्सिल काढली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, समासात काहीतरी लिहिलं आणि पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

समासात लिहिलं होतं : ‘विधान आहे. सिद्धता कुठे आहे?’

बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. विषय गणित. उंच, सडसडीत, सुती साडी कायम इस्त्रीची. घड्याळ उजव्या मनगटावर आणि तेही तबकडी आतल्या बाजूला, त्यामुळे वेळ बघताना त्या स्वतःची नाडी तपासताहेत असं वाटे. पर्समध्ये कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी असायची आणि डबीत खडू. आमच्या ऑफिसात पाऊल टाकल्यावर त्यांनी चारी भिंती बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "फळा नाही?"

"नाही. आम्ही सगळं संगणकावर करतो," मी म्हणालो.

"ते कळलं. विचार कशावर करता?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी फळा आणला.

लाल पेन्सिलीच्या तडाख्यातून काही सुटत नसे. मालकांच्या भाच्याच्या मुंजीची पत्रिका त्यांनी तपासून, सात गुण देऊन परत केली होती. बोलताना पहिलीतल्या पोरालाही ‘तुम्ही’ म्हणत. आणि हाक मारताना माणसाचं पूर्ण नाव घेत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मला हाक मारली की माझ्यामागोमाग माझे वडील आणि मग आमचं सगळं घराणं ऑफिसात हजर व्हायचं. चूक करताना पकडलं गेल्यावर वडिलांसकट हाक ऐकू आली की कसं वाटतं, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

एकदा दारावर थाप पडली. बाई दाराजवळच होत्या.

"कोण?"

"केबलवाला."

"ते काम झालं. नाव?"

बाहेरून नाव आलं.

"वडिलांचं?"

मग वडील आले, आडनाव आलं, तेव्हा कडी निघाली. त्यानंतर तो माणूस आमच्याकडे यायचा तेव्हा बेल वाजवण्याआधी कॉलर नीट करायचा. असं मी जिन्यावरून स्वतः पाहिलंय.

ऑफिस वारज्याला, एका नव्या बंगल्याच्या तळमजल्यावर. समोर तेव्हा शेत होतं. मालकांच्या वडिलांचं प्लायवुडचं दुकान, पण मालकांना भविष्य प्लायवुडमध्ये दिसेना, संगणकात दिसलं. त्या दिवसांत पुण्यात ते ज्याला त्याला दिसत होतं. गल्लीगल्लीत संगणकाचे क्लास निघाले होते. शिवाय सन दोन हजारची भीती होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले होते, त्यामुळे नवं शतक उजाडताच जगभरची मशीनं बावचळणार अशी हवा होती. ती दुरुस्त करायला माझे वर्गमित्र विमानाने अमेरिकेला गेले. मी बसने वारज्याला गेलो आणि शाळेतल्या पोरांसाठी सापशिडीचा खेळ करायला लागलो.

चहा पिताना मी त्या जुन्या प्रोग्रॅमवाल्यांची टर उडवत असे. "काय माणसं होती! आणखी दोन आकड्यांची जागा ठेवायला काय जात होतं यांचं?"

बाईंनी एकदा विचारलं, "का नाही ठेवली त्यांनी?"

"वाटलं नसेल, कुणी तिथपर्यंत येईल म्हणून," मी म्हणालो.

"हं," बाई म्हणाल्या. बाईंचं ‘हं’ म्हणजे उत्तरपत्रिकेवरची नुसती रेघ. बरोबर की चूक ते कळायचं नाही. वाचलं गेलंय, एवढं कळायचं.

खेळ असा होता : संगणक आधी खेळणाऱ्याचं नाव विचारणार, मग फासा पडणार, ज्या घरात सोंगटी जाईल तिथे एक गणित येणार. गणित सुटलं तर पुढे, नाही तर तिथेच. सापाच्या घरात गेलात तर साप फूत्कार टाकून तुम्हाला खाली आणणार. गणितं बाईंनी लिहिलेली, बाकी सगळं मी. लोणी काळभोरच्या एका शिक्षणसंस्थेने तो आपल्या सगळ्या शाळांसाठी घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, आधी अध्यक्षांसमोर चालवून दाखवायचा.

हा एकच खरेदीदार होता. खेळ लोणीला चालला तर ऑफिस चालणार. नाही तर मालक परत प्लायवुडमध्ये आणि मी घरी. त्यात माझं लग्न नुकतंच ठरलेलं, आणि ठरलं होतं ते ‘मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढ्या एका वाक्यावर. ते वाक्य निदान अक्षता पडेपर्यंत खरं राहावं, अशी माझी माफक इच्छा होती.

बाईंनी खेळ तपासायला घेतला आणि ग्रहण लागलं. बाई बसल्या, फासा टाकला, दोन गणितं चुटकीसरशी सोडवली, पहिला साप चावला आणि पडदा गोठला. फासा हलेना, सोंगटी हलेना. एखादी कळ दाबावी तर मशीन आतून ‘टुंऽ’ करून कण्हायचं. मग मी बंद करून चालू करायचो, स्वतः बसायचो, पटकन एक कळ दाबून नावाचा सोपस्कार उरकायचो आणि फासा टाकायचो. खेळ निमूट चालायचा. साप चावायचा, सोंगटी सुळकन खाली यायची. मी उठावं, बाईंनी बसावं, साप चावावा, टुंऽ.

"मी वेगळं काहीच करत नाही," बाई म्हणायच्या. "मी काय करते ते पहिल्यापासून बघा."

बाईंना कीबोर्डवर एकेक अक्षर शोधायला वेळ लागे. समोर उभं राहून ते बघणं म्हणजे दूध तापायची वाट बघण्यासारखं. म्हणून "तुम्ही सुरू करा, मी आलोच," म्हणून मी गॅलरीत चहा प्यायला जायचो आणि त्यांची सोंगटी मार्गी लागली की मागे येऊन उभा राहायचो. माझा गुन्हेगार ठरलेला होता, तो साप. तो चावायच्या आधी बघण्यासारखं काय असणार?

मी शोध सुरू केला. आधी वाटलं, बाई कळा फार जोरात दाबतात. खडू दाबून लिहिणारा हात. मी त्यांना हळू दाबायला सांगितलं. त्यांनी पिसाने स्पर्श करावा तशा कळा दाबल्या. टुंऽ.

मग मला विजेचा शोध लागला. कपड्यांत साठलेली वीज बोटांतून मशीनमध्ये उतरते, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

"बाई, साडी नायलॉनची आहे का?"

"सुती आहे. तुमचा शर्ट कसला आहे?"

"टेरिकॉटचा."

"मग तुम्ही बसलात की का नाही पडत?"

मी फळ्याकडे बघत राहिलो. फळा कोरा होता.

मग मालकांनी मनावर घेतलं. इलेक्ट्रिशियनने सांगितलं की अर्थिंगचा खड्डा ओला पाहिजे. तेव्हापासून मालक रोज सकाळी झारी घेऊन बंगल्यामागच्या त्या खड्ड्याला पाणी घालायला लागले. शेजारच्या काकू कुंपणावरून बघायच्या. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच, "अजून काही उगवलं नाही का हो?"

मग मी सापाचा फूत्कार काढून टाकला. मुका साप चावला तरी टुंऽ. मग चिडून सगळे सापच काढले. खेळ निर्वेध चालणार म्हणून मी निवांत चहाला गेलो, परत येतो तर बाईंची सोंगटी शिडीच्या पायथ्याशी गोठलेली. टुंऽ.

"साप काढलेत," बाई म्हणाल्या, "तर उरली ती शिडी. आता तिच्यावरही तुमचं मशीन अडखळतंय. चूक खाली दिसते हो, पण ती झालेली असते वर. शाळेत मी उत्तर कधी तपासलं नाही. उत्तर चुकलं की पोराला पहिली ओळ वाचायला लावायची. तुम्ही पहिली ओळ वाचा."

"बाई, प्रोग्रॅम तुमच्या गणितासारखा नसतो."

"हं."

गुरुवारी वीज नसायची. तेव्हा मशीन थंड, मी थंड, मालक वसुलीला बाहेर. बाई मात्र खडूची डबी उघडून फळ्यावर काहीतरी मांडत बसायच्या. अशाच एका गुरुवारी मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही सगळ्यांना असं वडिलांसकट का हाक मारता?"

त्या मांडलेलं पुसत म्हणाल्या, "माझे वडील खडकीला कारखान्यात कामगार होते. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पहिल्या लोकांतले. मला शाळेत घातलं तेव्हा कारकुनाने नुसतं माझं नाव लिहिलं. पुढचं लिहाच ना, वडील म्हणाले. तो म्हणाला, एवढं पुरे, बाकीचं नंतर बघू. मग हजेरीला बाकीच्या मुली तीन शब्दांच्या आणि मी एका शब्दाची."

"मग?"

"मग एक दिवस वडिलांनी रजा टाकली आणि शाळेच्या पायरीवर येऊन बसले. भांडले नाहीत. नुसते बसले. दुपारी हेडमास्तरांनी विचारलं, काय पाहिजे? म्हणाले, मुलीच्या हजेरीत मला जागा पाहिजे. तेव्हा लिहिलं. तेव्हापासून माझी हजेरी झाली की आम्ही दोघं हजर असतो. मी माझं नाव अर्धं कुठे लिहीत नाही आणि दुसऱ्याचं अर्धं घेत नाही."

एवढं सगळं एका जागी बसून ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. उत्तर माझ्या ओटीत आणून घातलं होतं आणि मी सापाच्या शेपटीचा विचार करत होतो.

लोणीची तारीख जवळ आली तेव्हा मी ते पत्र लिहिलं. समासातला शेरा वाचून मला राग आला, आणि राग आला की मी ठाम होतो. मी मालकांना सांगितलं, बाईंना मशीनपासून लांब ठेवा, खेळ चालेल. मालक बाईंना म्हणाले, "बाई, आता तुम्ही घरूनच गणितं पाठवलीत तरी चालेल."

"मला काढताय का?"

"छे छे! तसं नाही. धायरीहून दोन बस बदलून येता, त्रास होतो तुम्हाला."

"त्रास होतो असं मी म्हटलेलं नाही. गणितं माझी आहेत. ती अध्यक्षांपुढे मांडताना मी असणार."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. फळ्याजवळच्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या दिवसापासून त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. खडूलाही नाही. दिवसभर पदराखाली हात घेऊन माझ्याकडे बघत बसायच्या. मी साप फूत्कारासकट परत घातले, तरी खेळ एकदाही पडला नाही. माझा सिद्धांत सिद्ध झाला होता आणि मला जेवण जात नव्हतं.

लोणीला जायच्या दिवशी आम्ही ऑफिसातलं तेच मशीन उचललं, कारण बरं असं ते एकच होतं. मॉनिटर गोधडीत गुंडाळून व्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवला. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई. सोलापूर रस्त्याला खड्डा आला की मॉनिटर बाईंच्या अंगावर कलायचा.

"धरू का?" बाईंनी विचारलं.

"नको, नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की मालकांनी ब्रेक मारला.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दोष आहे ना." आणि हात पुन्हा पदराखाली घेतले.

हडपसर मागे पडल्यावर मालक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "आज चाललं नाही तर परवा मी वडिलांकडे दुकानाची किल्ली मागणार आहे." त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले.

शाळेचा हॉल मोठा. पुढे खुर्च्यांवर संस्थेची मंडळी, मागे सातवीचा वर्ग मांडी घालून. भिंतीला फळा. आमचं मशीन टेबलावर. मी बसणार, मी चालवणार, बाई शेवटच्या खुर्चीवर. माझी योजना चोख होती. अध्यक्ष आले. वयस्कर, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी मशीनला एक फेरी मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खुर्चीतून उठवलं.

"तुम्ही कशाला? तुम्हाला येतंयच की. मला जमलं तर पोरास्नी जमंल. बसतो मी."

ते बसले. पडद्यावर प्रश्न आला : तुमचं नाव?

"हे तेवढं तुम्ही टाका," अध्यक्ष म्हणाले. "मला ती बटनं गावायची न्हाईत. पर पुरं टाका. वडलांचं बी. शाळा त्यांच्याच नावानं हाय."

मी वाकून टाकलं. पुढे ‘श्री.’ लावलं, मागे ‘साहेब’ लावलं. खुशामतीला कुठे जागा कमी पडू दिली नाही. फासा पडला. अध्यक्षांनी पहिलं गणित तोंडी सोडवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं सोडवलं. सोंगटी सापाच्या तोंडात गेली.

टुंऽ.

पडदा गोठला. वर पंखा कुरकुरत फिरत होता.

"व्होल्टेज," मी म्हणालो. "इकडे व्होल्टेजचा जरा..."

"लाईट तर हाय की," अध्यक्ष वर पंख्याकडे बघत म्हणाले.

मी बंद केलं, चालू केलं, ‘श्री.’पासून ‘साहेब’पर्यंत सगळं पुन्हा टाकलं. फासा. गणित. साप. टुंऽ. एक संचालक घड्याळाकडे बघायला लागले. मालक खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना बाहेर बहुधा प्लायवुड दिसत होतं.

तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून माझं पूर्ण नाव आलं. वडिलांसकट. त्या हाकेत काय होतं कोण जाणे, सातवीचा अख्खा वर्ग ताठ बसला.

"माझी बोटं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

सगळे मागे वळले. बाईंचे हात पदराखाली होते.

"पदराखाली," मी म्हणालो.

"मग खेळ का पडला?"

"माहीत नाही."

"छान. आता पहिल्या ओळीपासून सांगा. आधी काय केलंत?"

"मशीन चालू केलं."

"मग?"

"नाव टाकलं."

"कुणाचं?"

"अध्यक्षांचं."

"कसं?"

"पूर्ण."

"ऑफिसात तुम्ही बसलात की कुणाचं टाकता?"

"माझं. म्हणजे... नुसतं एक अक्षर. वेळ वाचावा म्हणून."

"आणि मी बसले की?"

बाई एका बोटाने नाव लिहायच्या तेव्हा मी गॅलरीत असायचो. पण त्या काय लिहीत असणार हे आता सांगायला मी तिथे असण्याची गरज नव्हती. ते साऱ्या वारज्याला माहीत होतं. केबलवाल्यालाही माहीत होतं.

झालं होतं ते असं : नावासाठी मी मशीनमध्ये वीस अक्षरांची जागा ठेवली होती. वीस का? तर माझं नाव-आडनाव त्यात ऐसपैस बसत होतं. त्याला लागूनच कुठला साप कुठे, कुठली शिडी कुठे, याचे पत्ते ठेवले होते. नाव लांबलं की जादा अक्षरं शेजारी घुसायची आणि सापाच्या पत्त्यावर जाऊन बसायची, साप काढले तर शिडीच्या. खेळ तोवर बिनबोभाट चाले. साप चावला की मशीन पत्ता बघायला जाई, तिथे पत्त्याऐवजी बाईंचं आडनाव दिसे, आणि ते जागीच प्राण सोडी. वर्षाला दोन आकड्यांची जागा ठेवणाऱ्यांना हसणारा प्रमुख संगणक अभियंता तो मीच.

"सापडलं," मी म्हणालो. "पण दुरुस्त करायला थोडा वेळ लागेल. तोवर नुसतं ‘अध्यक्ष’ असं काही टाकलं तर..."

"वडलांचं नाव काढायचं?" अध्यक्षांचा आवाज बदलला. "त्यांच्याच शाळंत?"

"काढायचं नाही," बाई उठत म्हणाल्या. त्यांनी अध्यक्षांना पूर्ण नावाने हाक मारली आणि विचारलं, "हे दुरुस्त करतील. तोवर मी वर्ग घेऊ का?"

अध्यक्षांना त्या गावात अशी हाक बऱ्याच वर्षांत कुणी मारली नसावी. ते म्हणाले, "घ्या की."

बाईंचे हात पदराबाहेर आले. डबी उघडली, खडू निघाला आणि फळ्यावर सापशिडी उभी राहिली. एकेका पोराला त्या बोलावत होत्या, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पोरं लग्नात मान मिळाल्यासारखी पुढे येत होती. माझ्याकडे आता कुणी बघत नव्हतं. याची मला गरज होती हे बाईंनी कधी ओळखलं, कुणास ठाऊक.

मी वीस पुसून दोनशे केले. घाईत त्याच ओळीतला अर्धविराम उडाला, मशीनने नवा प्रोग्रॅम तयार करायला नकार दिला. तो अर्धविराम शोधण्यात घाम फुटला. शेवटी काम झालं. अध्यक्ष परत खुर्चीत बसले. ‘श्री.’पासून ‘साहेब’पर्यंत सगळं टाकलं.

आता साप चावणं आवश्यक होतं. आणि अध्यक्षांना फाशाने असा हात दिला की सोंगटी शिडीवरून शिडीवर चढत निघाली. पोरं ओरडत होती, संचालक हसत होते, मालकसुद्धा खिडकीतून परत आले होते. फक्त मला ठाऊक होतं की अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. एका सज्जन, वयस्कर माणसाला साप चावावा म्हणून मी त्या दुपारी जेवढी प्रार्थना केली, तेवढी स्वतःच्या लग्नासाठीही केली नव्हती. सोंगटी शेवटच्या ओळीत पोचली. तिथे एक लांबलचक साप होता. फासा फिरला. अध्यक्षांनी गणित सोडवलं. सोंगटी एकेक घर पुढे सरकली आणि सापाच्या तोंडाशी थांबली.

मी डोळे मिटले.

फूऽस्स.

"अरं तिच्या, चावला की!" अध्यक्ष ओरडले. "पार खाली आलो!" आणि सगळा हॉल हसला. मी डोळे उघडले तेव्हा सोंगटी तळाला होती, फासा पुन्हा फिरायला तयार होता, आणि मालक रुमालाने चष्मा पुसत होते.

"घेतला म्हणा," अध्यक्ष म्हणाले.

मंडळी चहाला गेली. बाई मशीनसमोर येऊन बसल्या. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी नाव लिहायला घेतलं. मी कुठेही गेलो नाही. ते नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत लिहिलं जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते इथे देत नाही. पूर्ण दिलं तर ओळख पटेल, आणि अर्धं द्यायची माझी छाती नाही.

लिहून झाल्यावर मी त्यांना वीस अक्षरांची भानगड सांगितली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून अक्षरं मोजली. विसाव्यावर थांबल्या.

"म्हणजे मी मावत होते. वडील अर्ध्यावर तुटत होते."

"हो."

"का ठेवली नाहीत जागा?"

या प्रश्नाचं उत्तर मी चहा पिताना एकदा देऊन बसलो होतो. बाईंच्याही ते लक्षात असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फासा टाकला. पहिल्याच सापाने त्यांना धरलं, सोंगटी खाली आली. बाई समाधानाने खुर्चीतून उठल्या.

येताना मॉनिटर बाईंनी धरला होता. हडपसरला मी धीर केला. "बाई, ते पत्र मी मागे घेतो."

बाईंनी माझं पूर्ण नाव घेतलं. मी ताठ बसलो.

"मागे कशाला घेताय? विधान बरोबरच होतं, दोष बोटांतच होता. सिद्धता आज झाली. फक्त बोटं कुणाची, तेवढी दुरुस्ती करून परत आणून दाखवा."